दगडी बंगल्यातला न झालेला मुक्काम

मार्च उजाडला की आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या बिल्डिंगीत एक विचित्र शांतता पसरते. वरच्या मजल्यावरचे लोक टीव्हीचा आवाज कमी करतात, लिफ्टपाशी गप्पा छाटणाऱ्या बायका कुजबुजायला लागतात, आणि बंद दारांच्या आत पोरं तोंड मिटून अभ्यास करतात. तोंड मिटून! मला हे अजून पटत नाही. ओठ हलत नाहीत, घसा बसत नाही, हा कसला मेला अभ्यास? पण मला विचारतंय कोण. मी निवृत्त मास्तरीण. घरी चार पोरींच्या शिकवण्या घेते आणि उरलेला वेळ चिडण्यात घालवते.

त्या चौघींपैकी सानिका गेल्या महिन्यात सहामाहीतला एक जुना पेपर घेऊन आली. वार्षिक परीक्षेची उजळणी करायची होती. "मॅडम, बाकी सगळं करेक्ट आहे, बस एकच छूट गया," म्हणाली. मी चष्मा लावला. रिकाम्या जागा भरा, तिसरा प्रश्न. 'बदलापूर गावातील दगडी बंगल्यात ______ यांनी एक रात्र मुक्काम केला होता.' एक मार्काला.

मी कप खाली ठेवला. नाहीतर सांडलाच असता.

"तुम्हाला माहितीये आन्सर?" सानिकानं विचारलं.

"माहितीये. कोणीच नाही."

"असं आन्सर नसतं ना मॅडम!"

आता या पोरीला काय सांगू? त्या बंगल्यात कोणी थोर पुरुष एक रात्रच काय, एक मिनिटही राहिलेला नाही, हे मला पक्कं माहीत आहे. कारण तो मुक्काम मी घडवला. नववीत असताना. निळ्या शाईच्या पेननं, दोनशे पानी वहीत, दहा मार्कांसाठी. त्या थोर पुरुषांचं नाव इथं लिहीत नाही. त्यांनी आयुष्यात पुष्कळ खरी कामं केली, माझ्या या उद्योगात त्यांचा काडीचा दोष नाही.

आणि आता महाराष्ट्र दिनाला त्या बंगल्यावर बोर्ड लागणार आहे. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. गावातल्या हौशी मंडळींनी वारसा समिती काढली आहे, त्यांच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर बोर्डाचा मजकूर आला. थोर पुरुषांचं नाव सगळ्यात मोठं, त्याखाली समितीतल्या अकरा जणांची नावं. ज्या बाईनं तो बंगला साठ वर्षं झाडला, सारवला, राखला आणि दर परीक्षेला गावातल्या पोरांसाठी उघडला, त्या हिरामावशीचं नाव नाही. कसं असेल? तिला त्या घराच्या इतिहासातून मीच तर बाहेर काढलं. हे बोर्डाआधी कोणीतरी बोलायला हवं होतं, आणि ते कोणीतरी म्हणजे मीच होते. दुसरं कोण? खरं माहीत असलेली मी एकटीच उरले आहे.

बंगला म्हणजे काही राजवाडा नव्हे. बदलापूर गावात, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, काळ्या दगडाच्या चार खोल्या, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मागे पडवी. रेल्वेचे पूल बांधणाऱ्या कुठल्याशा ठेकेदारानं स्वतःला राहायला बांधला आणि वर्षभरात तापानं वारला. वारस मुंबईला. त्यांना इथल्या डासांत रस नव्हता. त्यांनी हिरामावशीच्या सासऱ्याला राखणदार ठेवला, मग सासरा गेला, नवरा गेला, आणि किल्ल्यांचा जुडगा मावशीच्या कमरेला आला. आगरी बाई, गुडघ्याएवढं घट्ट लुगडं, कपाळावर गोंदण, आवाज असा की नदीच्या पल्याडचं ढोर मागे वळावं. एक अक्षर वाचता यायचं नाही.

आणि तिनंच गावात अभ्यासाची जागा काढली. आमची सगळ्यांचीच घरं दहा बाय दहाची. माझे वडील अंबरनाथच्या फॅक्टरीत, तीन पाळ्यांत काम, एक जण झोपलेला की बाकीच्यांनी श्वासही जपून घ्यायचा. तिथं काय अभ्यास होणार? एका फेब्रुवारीत मावशीचा दामू दहावीला होता, तो बंगल्याच्या मधल्या मोठ्या खोलीत बसायला लागला. त्याच्यामागून त्याचे दोन मित्र आले. पुढच्या वर्षी सात पोरं. मी सातवीत असताना आम्ही चौदा जण होतो. महाशिवरात्र झाली की मावशी त्या खोलीची खिडक्या-दारं सताड उघडी टाकायची, जमीन शेणानं सारवायची आणि ओटीवर बसून फर्मान काढायची. पाय धुऊन आत यायचं. शिवमंदिराच्या जत्रेचं खूळ डोक्यातून काढून यायचं. आणि अभ्यास मोठ्यानं करायचा.

हा तिसरा नियम आमच्या जिवावर यायचा. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे पुस्तक उघडं ठेवून पोर अभ्यास करतंय की झोपतंय, हे तिला कळणार कसं? तर कानानं. "मना आयकू आलं पायजे," म्हणायची. चौदा पोरं एकाच खोलीत एकाच वेळी चौदा वेगवेगळ्या गोष्टी ओरडून वाचतायत. एकाचं पायथागोरस, एकीचं पानिपत, एकाचं अमिबाचं पुनरुत्पादन. मावशी उंबऱ्यापाशी सुकट निवडत बसलेली. आजही कोणी 'नैऋत्य मोसमी वारे' म्हटलं की माझ्या नाकात सुकटीचा वास शिरतो. एखादा आवाज बंद पडला की तिचा हात थांबायचा. "कोन थांबला? सुऱ्या, तू ना रं?" सुऱ्याच असायचा. चौदा आवाजांतून एक गळालेला तिला कसा कळायचा, देव जाणे.

बरं, नुसतं ऐकायची नाही, लक्षातही ठेवायची. भांडी घासताना तिच्या तोंडून कोयना, वारणा, पंचगंगा असं चाललेलं असायचं. मी एकदा सनावळीत घोळ घातला तर तिथूनच ओरडली, "काल तं येगलं बोललीस गो! कालचं खरं का आजचं?" मी वही बघितली. कालचं खरं होतं. एक अक्षर न येणारी बाई माझ्या इतिहासाच्या चुका काढत होती, याचा मला तेव्हा भयंकर राग आला होता.

शिमगा हमखास परीक्षेच्या तोंडावर यायचा. बाहेर ढोल, बोंबा, पालखी नाचवणारी माणसं, आणि आत आम्ही बीजगणित किंचाळतोय. दुपारी चारच्या सुमाराला एमआयडीसीकडून वारा फिरला की डोळे चुरचुरायचे. मग मावशी कैरीचे तुकडे तिखटमीठ लावून वाटायची. आंबट खाल्ल्यावर झोप उडते, असं तिचं शास्त्र. पाणी नदीवरून, नंतर विहिरीवरून, नंतर नळाचं. ते आणायला तिनं आमच्यातल्या एकालाही कधी उठवलं नाही. "तुमी वाचा. पान्याचं मी बघतंय."

आणि या बाईचा मी काय इतिहास केला? ऐका.

नववीला आमच्या इतिहासाच्या सरांनी प्रकल्प दिला. 'माझ्या परिसरातील ऐतिहासिक वास्तू.' दहा मार्क, तोंडी परीक्षेसकट. सगळा वर्ग अंबरनाथच्या शिवमंदिरावर तुटून पडला. मला वेगळं काहीतरी हवं होतं, कारण मी पहिल्यापासून अतिशहाणी. मी मावशीला विचारलं, या बंगल्याचा इतिहास काय? तिनं सांगितला. ठेकेदार आला, बांधला, ताप आला, मेला. मग सासरे राखायचे, मग ती राखते. पोरं येतात, अभ्यास करतात.

"हे नको. इतिहास सांगा," मी म्हणाले.

"ह्यो काय हाय मग?"

मला हसू आलं होतं. यात कुठं लढाई नाही, राजा नाही, सनावळी नाही. राखणदारीण, सुकट आणि अमिबा याला दहातले तीन तरी मिळतील का? मी घरी गेले आणि एक थोर पुरुष निवडले. ते दौऱ्यावर असताना ऊन लागल्यामुळे दगडी बंगल्यात दुपारी दोन तास विसावले, असं लिहिलं. दोनच तास, बरं का. मी तेव्हाही तारतम्य सोडलं नव्हतं. शेवटी 'आजही त्या भिंती त्या पावन स्मृतींनी भारावलेल्या आहेत' असं एक वाक्य टाकलं आणि स्वतःवरच खूश झाले.

खरी गोची दुसऱ्या दिवशी झाली. तोंडी परीक्षेसाठी प्रकल्प पाठ करायचा होता. आणि तो कसा पाठ करायचा? मोठ्यानं! मावशीच्या खोलीत बसून, मावशीच्या कानावर. मी हळू वाचायचा प्रयत्न केला. लगेच ओटीवरून, "मंगल, आवाज!" मग वाचला. दौरा, ऊन, बंगला, विसावा. सुकट निवडायचा आवाज थांबला.

"परत वाच गो."

परत वाचला. तोवर बाकीची तेरा पोरंही गप्प झाली होती. मावशी उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "कवा आलते?"

मी साल सांगितलं. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "तवा माजं लगीन झालेलं. मी तं हितंच व्हती. मना कसं नाय दिसलं?"

तेरा पोरं माझ्याकडे बघत होती. त्यांतली निम्मी माझ्याच वर्गातली. एकानं जरी सरांना सांगितलं असतं की ही फेकतेय, तर दहाचे दहा गेले असते आणि वर छड्या. मी म्हटलं, "तुम्ही तेव्हा पाण्याला गेला असाल, मावशी."

ती विचारात पडली. मला वाटलं, आता ही हसेल, म्हणेल, चल गो, कोनाला बनवतेस. पण ती खरंच आठवत होती. "व्हय," म्हणाली. "तवा नदीवं जायला लागायचं. येल लागायचा." मग माझ्या मांडीवरच्या वहीकडे बघत म्हणाली, "वहीत हाय म्हंजे असंल."

मला दहात नऊ पडले. एक मार्क शुद्धलेखनाचा गेला.

इथं संपलं असतं तर मी आज कशाला हा ताप करून घेतला असता? पण नाही. सरांनी प्रकल्प शाळेच्या वार्षिक अंकात छापला. अंकातून तो गावातल्या एका साप्ताहिकानं उचलला, माझं नाव गाळून. साप्ताहिकातून भाषणांत गेला. भाषणं ऐकून म्हाताऱ्यांना आठवायला लागलं! आता ग्रुपवर रोज कोणीतरी आठवतंय. एकाच्या आजोबांनी त्यांना तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ वाढली. एकाच्या चुलत्यानं त्यांच्या कोटाचं बटण शिवलं. एक गृहस्थ लिहितात, 'त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवलेला मला स्पष्ट स्मरतो.' मी यांना लहानपणापासून ओळखते, माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठे आहेत. ते जन्मले तेव्हा थोर पुरुष वारून कितीतरी वर्षं झाली होती. पण खाली बावीस जणांनी हात जोडलेत. माझ्या दोन तासांची कधीतरी एक रात्र झाली. बरं, रात्र केलीत तर केलीत, पण मावशी स्वतःच सांगायची की ती पाण्याला गेली होती, तेही तसंच ठेवलंय. रात्रभर पाण्याला कोण जातं हो? एकाच्याही डोक्यात हा प्रश्न येऊ नये?

आणि ती खुर्ची! समितीनं मधल्या खोलीत दोरी लावून एक आरामखुर्ची ठेवली आहे. 'याच खुर्चीत त्यांनी विश्रांती घेतली.' कपाळ माझं! ती खुर्ची मी दहावी पास झाल्यावर माझ्या वडिलांनी मावशीसाठी उल्हासनगरहून आणली. मी सोबत होते. दुकानदार सिंधी काका खुर्चीवर थापा मारत म्हणत होते, "साईं, पक्का सागवान, तुम्हारे पोते भी बैठेंगे." टेम्पोतून आणताना तिचा एक पाय हलायला लागला, तो अजूनही हलतो. मावशी तिच्यात एकदाच बसली. पाय जमिनीला पोचत नाहीत म्हणून उतरली आणि पुढे तिच्यावर धुतलेले कपडे ठेवायला लागली. परवा त्या खुर्चीसमोर एक जोडपं चपला काढून उभं होतं. मी काय बोलणार?

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. मीही नेत होते. पण त्या प्रकल्पानंतरच्या वर्षी जे झालं, ते मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं. मी दहावीला. महाशिवरात्र झाली, दप्तर घेऊन बंगल्यावर गेले, तर मधली खोली बंद. बाहेरून कडी, कडीला झेंडूची माळ. मावशी म्हणाली, "तितं नको बसू आता. येवडा मोटा मानूस बसून गेलेला. पोरांचं पाय लागतील." आमची रवानगी मागच्या पडवीत झाली. वर पत्रा. मार्चातली दुपार. माझी दहावीची अख्खी उजळणी मी त्या पत्र्याखाली भाजत केली. मागून गुरांच्या माश्या, पुढून ऊन. पोरं कुरकुरायची, मावशीला शिव्या घालायची, आणि मी मुकाट्यानं भूमिती ओरडत बसायचे. पुढच्या वर्षी नऊ पोरं आली. त्याच्या पुढच्या वर्षी पाच. मग कोणी येईना. मावशी तरी महाशिवरात्रीनंतर पडवी सारवायची आणि ओटीवर बसून रस्त्याकडे बघायची, असं आई सांगायची. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला वेळ नव्हता.

एखाद्या घराचा खरा इतिहास जर काही असेल तर तो हाच होता. तो मी एका दुपारीत बंद पाडला.

असो. तर एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी समितीची सभा होती. मी ठरवून गेले. बदलापूरला उतरून रिक्षा केली, रिक्षावाल्याला 'दगडी बंगला' म्हटलं तर तोच मला इतिहास सांगायला लागला. मी म्हटलं, बाबा, तू पुढं बघून चालव. सभेला तीसेक माणसं. अध्यक्ष म्हणजे जमिनींचे व्यवहार करणारे एक सद्गृहस्थ, गळ्यात चेन, वागायला गोड. मी उभी राहिले आणि सरळ सांगून टाकलं. हे मी लिहिलं. नववीत. सगळं खोटं आहे. बोर्ड लावायचाच असेल तर हिराबाईंच्या नावाचा लावा, त्यांनी इथं पोरं शिकवली.

काय व्हावं? लोक हसले. कौतुकानं! अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुमचा प्रकल्प आम्ही पुस्तिकेत घेतलाय. तुम्ही उलट अभिमान बाळगा."

"अहो, पण तो मी मनानं रचलाय!"

"तुम्ही तेव्हा लहान होतात, मॅडम. कुठूनतरी ऐकलं असणार. लहान मूल असं हवेतून लिहितं का?"

तीस वर्षं मी पोरांच्या वह्या तपासल्या. लहान मुलं हवेतून काय काय लिहितात, हे मला विचारा ना! पण मी बोलायच्या आत मागच्या रांगेतून एक माणूस उठला. पांढरा सदरा, हातात काठी. दामूदादा, मावशीचा मुलगा. जांभूळ गावच्या पाणी केंद्रावर नोकरी करून रिटायर झालेला, सत्तरीचा. समितीनं त्याला सन्माननीय पाहुणा केलाय.

"मंगल," तो म्हणाला, "माजी आय मरंपर्यंत हेच सांगत व्हती. हजार येला आयकलंय मी. माजी आय खोटं बोलत व्हती काय?"

हो म्हणावं तर मावशी खोटारडी. नाही म्हणावं तर मुक्काम खरा. मी खाली बसले. अध्यक्षांनी लगेच चहा मागवला.

पण घरी जाववेना. रस्त्यावर आले आणि दामूदादाच्या मागोमाग चालू लागले. बंगल्याच्या मागच्या आळीत त्याच्या दोन खोल्या आहेत. त्यानं मला बघून न बघितल्यासारखं केलं, पण दार लोटलं नाही. त्याच्या सुनेनं पाणी दिलं. भिंतीवर मावशीचा फोटो, डोळे मोठे करून कॅमेऱ्याकडे बघतेय. मी त्या फोटोकडे पाठ करून बसले आणि बोलले. सगळं. वही, तेरा पोरं, 'तुम्ही पाण्याला गेला असाल.' म्हटलं, ती खोटं बोलत नव्हती, दादा. खोटं मी बोलले. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, एवढीच तिची चूक.

तो काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. मग माझ्या तोंडून तेही निघालं, जे निघू नये म्हणून मी इतकी वर्षं जपलं होतं. मावशी अंथरुणाला खिळली तेव्हा मी मोसंबी घेऊन भेटायला आले होते. ती तेव्हा जेमतेम बोलायची. माझा हात धरून म्हणाली, "तुजे वहीमुलं समजलं गो मना. नायतं येवडा मोटा मानूस घरी येऊन गेला, मना ठावंच नसतं." मग डोळे मिटून, "त्या दिशी पान्याला गेली नसती तं दिसलं असतं." ती माझे आभार मानत होती! स्वतःच्या घरात, स्वतःच्या आयुष्यात आपल्या हातून काहीतरी मोठं निसटलं, असं मानत ती बाई गेली. निसटलं काहीच नव्हतं. आणि मी मोसंबी सोलत बसले होते.

"तवा का नाय सांगितलंस?" दामूदादानं विचारलं.

"लाज वाटली."

"आनि त्याच्या आदी? तीस वर्सं व्हती तुला."

"भीती वाटायची. तिला काय वाटेल, ती माझं पुन्हा तोंड बघेल का..."

बाहेर सून कोणाशी तरी फोनवर हिंदीत भाजीचा भाव करत होती. मला वाटलं, आता हा मला निघ म्हणेल. त्याचा तो हक्कच होता. तो उठला, काठी टेकत आत गेला, तोंडावर पाणी मारून आला.

"बोर्डाचं मी बघतो," म्हणाला. "उद्या जाऊन सांगतो, आयचं नाव घाला नायतं माजं तोंड त्या दिशी तितं दिसनार नाय. माजं आयकतील. नाय आयकलं तं नाय." मग सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसत माझ्यासमोर बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्याचंच मला जड गेलं. "पन येडी गो तू, मंगल. तिला सांगितलं असतंस तं हसली असती ती. पोट धरून हसली असती. आनि दुसऱ्या दिशी सगल्या पोरांना परत आत बसवलं असतं. तुला काय मारनार व्हती काय?"

नव्हती मारणार. तीस वर्षं मी ज्या बाईच्या रागाला भीत राहिले, ती कधी रागावणारच नव्हती, आणि हे मला तिच्या पोरानं सांगावं लागलं. सगळ्यांत जास्त चीड मला याची येते.